डोळ्याच्या उंचीची रेघ

३ तारीख, सोमवार

ही वही राग लिहून काढायला घेतली आहे. मामाचं म्हणणं, राग कागदावर उतरवला की तो माणसांवर उतरत नाही. वही घ्यायला नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो, तर रांगेत मध्येच घुसणाऱ्या एका गृहस्थांशी माझं तिथेच वाजलं. ते गेल्यावर काउंटरमागच्या मुलीने शांतपणे विचारलं, वही कशाला हवी आहे, रेघांची देऊ की कोरी. मी म्हणालो, राग लिहायला. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं (त्याला वेळ लागतो, मी सहा फूट एक इंच आहे) आणि म्हणाली, "मग दोनशे पानी घ्या."

घरी येऊन लिहायला बसलो, तर राग शिल्लकच नाही. वाटेत कुठे सांडला कोण जाणे.

म्हणून निदान परिस्थिती लिहून ठेवतो. कॉलेज सोडून दोन महिने झाले. कॉमर्सचं दुसरं वर्ष होतं. सर भर वर्गात म्हणाले की माझी उंची वाढली, पण वरच्या मजल्यावर अजून कोणी राहायला आलेलं नाही. वर्ग हसला. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर टाकलं आणि निघालो. बाहेर पडताना दाराची चौकट कपाळाला लागली, त्यामुळे जाण्यातला रुबाब जरा कमी झाला.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. "त्याला सांग, पंखा बंद कर." मी पंख्याखालीच बसलेला असतो. दिवसभर मी मामाच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये फळ्या धरतो, कपाटं उचलतो. तिथे मला शिडी म्हणतात. त्याचा राग येत नाही. शिडीचा काहीतरी उपयोग असतो.

५ तारीख, बुधवार

मामाच्या डोक्याला नवा ताप. वर्कशॉपसमोर एक चकचकीत शोरूम उघडलं आहे. तिथे गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, पडद्यावर त्याचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर रंगीत दिसतं, आणि ते बसल्या बसल्या हो म्हणतं. मामा दाखवतो तो नकाशा वरून पाहिलेला, चौकोनात चौकोन. आज एका बाईंनी तो उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि विचार करून सांगते म्हणाल्या. विचार करून सांगते म्हणणारं गिऱ्हाईक मामाने आजवर परत आलेलं पाहिलेलं नाही.

आमचे पॉलिशकाका, तीस वर्षं मामाकडे पॉलिश करतायत, अंगाने बुटके आणि जिभेने तिखट, ते म्हणाले, खोली खरीखुरी दिसेल असं चित्र हाताने काढणारा माणूस पाहिजे. मी म्हणालो, मी शिकतो. रंधा थांबला. मग सगळे हसले. माझी कानशिलं तापली आणि मी बोलून बसलो की महिनाअखेरपर्यंत शिकून दाखवतो, नाहीतर नाव बदलीन. काका म्हणाले, शिडीचं बदलून काय करणार, जिना?

हे मामाने घरी सांगितलं. बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग, महिनाअखेरपर्यंत चित्र काढून एक तरी काम मिळव. मिळालं तर माझं काही म्हणणं नाही. नाही मिळालं तर एक तारखेला कॉलेजात जायचं आणि सरांची माफी मागायची."

मी आईला म्हणालो, "बाबांना सांग, मंजूर."

आम्ही दोघं आईच्या दोन बाजूंना हातभर अंतरावर उभे होतो. आई म्हणाली, माझी टपालपेटी झालीय.

माफी मी मागणार नाही. जीव गेला तरी नाही.

६ तारीख, गुरुवार

कागद, पट्टी, दोन पेन्सिली. तीन मिनिटांचं काम, पंचवीस मिनिटं लागली. दुकानातली ती मुलगी प्रत्येक वस्तूवर मत देते. म्हणाली, हात जड दिसतो तुमचा, कागद फाडाल, आधी कडक पेन्सिल घ्या. माझा हात जड आहे हे तिला कुठून कळलं?

काउंटरवर दोरीने बांधलेलं एक कच्चं पॅड आहे, पेन-पेन्सिल चालते का ते बघायला. लोक त्यावर सह्या करतात, नुसतंच गिरगटतात. मी एक कपाट काढलं. तिने मान तिरकी करून पाहिलं.

"हे काय आहे?"

"कपाट."

"झोपलंय का?"

मग मी एक खोडरबरही घेतलं.

८ तारीख, शनिवार

मामाने ओळख काढून गुरू शोधून दिला. नकाशेबाई. पालिकेच्या नकाशा खात्यात चौतीस वर्षं होत्या. आता हात थरथरतात, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्यामुळे स्वतः रेघ मारत नाहीत, दुसऱ्याकडून मारून घेतात. फी विचारली तर म्हणाल्या, खिडकी पुसून जायची.

ते का, हे लगेच कळलं. त्यांनी मला खिडकीपाशी टेबलावर बसवलं, हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर ठेवायला लावली, एक डोळा मिटायला सांगितला आणि हातात साबणाची वडी दिली. समोरची इमारत जशी दिसते तशी काचेवर गिरवायची. सोपं वाटलं. पण मान जरा हलली की इमारत रेघांतून बाहेर पळायची. "डोकं जागेवर ठेव," असं बाई तासाभरात अकरा वेळा म्हणाल्या. हे वाक्य मला आई-बाबांनी, सरांनी, एकदा चौकातल्या पोलिसानेही ऐकवलेलं आहे, पण कोणी हनुवटीखाली पुस्तकं दिली नव्हती.

मग गंमत झाली. इमारतीच्या छताची रेघ काचेवर खाली उतरत होती, पायथ्याची वर चढत होती. दोन्हींवर दोरा ताणून पुढे नेला, तर दोन्ही एका बिंदूत भेटल्या. मग खिडक्यांच्या रेघा. त्याही तिथेच. गॅलऱ्यांचे कठडेही. बाई म्हणाल्या, याला लोपबिंदू म्हणतात, आपल्यापासून दूर जाणाऱ्या सगळ्या समांतर रेघा दिसायला तिथे भेटतात.

ज्या रेघा आयुष्यात कधी भेटत नाहीत त्या भेटताना मी आज डोळ्यांनी पाहिल्या. मला कोण आठवलं ते इथे लिहीत नाही.

१० तारीख, सोमवार

बाईंनी आज तीच इमारत मला उभं राहून, खुर्चीत बसून आणि जमिनीवर बसून गिरवायला लावली. उभा राहिलो की लोपबिंदू वर जातो, बसलो की खाली येतो. त्या बिंदूतून आडवी जाते ती क्षितिजरेषा, आणि ती कायम बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. बाई म्हणाल्या, बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस. यात विसरण्यासारखं काय आहे? शेंबड्या पोरालाही कळेल. तीनदा काच पुसावी लागली, त्याचाच राग आला.

सकाळी पाहतो तर माझ्या दोन्ही पेन्सिलींना लांबसडक, सुईसारखी टोकं. आईचं काम. विचारलं तर म्हणाली, मला कुठे वेळ. आई कौतुक असं लपवून करते.

बाबांच्या अंगठ्याला पट्टी आहे. दाढी करताना अंगठा कसा कापतो, देव जाणे.

१२ तारीख, बुधवार

खोडरबर आणायला गेलो होतो (पाचवं). ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे मोठे कागद ओढत होती, स्टूल डुगडुगत होतं. मी म्हणालो, फळी खाली घेऊन देतो. मामाला न विचारता म्हणालो. दुपारी माप घ्यायला गेलो. हात कुठवर पोचतो ते बघायचं तर आधी उंची पाहिजे. ती भिंतीला टेकून उभी राहिली, मी टेप धरला. 

पाच फूट तीन इंच.

पाच फूट तीन इंच.

हा आकडा मापाच्या वहीत लिहायचा होता, इथे का लिहिला माहीत नाही.

१५ तारीख, शनिवार

दोन मोठ्या गोष्टी.

एक, काम चालून आलं आहे. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनीच शिवले. दोन वर्षांपूर्वी पडल्या, कमरेचं हाड गेलं, आता चाकांच्या खुर्चीत असतात. त्यांना स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचंय. मामाला म्हणाल्या, "दोन वर्षं दुसऱ्याच्या हातचा चहा पितेय, नुसती साखर. मला माझा चहा माझ्या हाताने करायचाय." शोरूमवालेही चित्र दाखवणार आहेत. दोन्ही बघून महिनाअखेर ठरवणार. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. 

दोन, स्टेशनरीच्या पॅडवर मी आज पूर्ण रस्ता काढला. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये लोपबिंदू, एकही रेघ चुकली नाही. ती दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून बघत होती. ही आडवी रेघ कसली, विचारलं. मी म्हणालो, ही माझ्या डोळ्याची उंची, माझ्याएवढा माणूस या रस्त्यावर कुठेही उभा राहू दे, जवळ की लांब, त्याचे डोळे बरोबर या रेघेवर येणार.

"आणि माझ्यासारखं बुटकं माणूस?"

"त्याचं डोकं रेघेच्या थोडं खाली. कुठेही उभं राहिलं तरी तेवढंच खाली."

"मग बरं आहे," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला चुकून वहीऐवजी डिंक दिला.

बरं काय आहे त्यात, कळलं नाही.

१८ तारीख, मंगळवार

पॅडवरच्या माझ्या रस्त्यात कोणीतरी माणूस काढून ठेवलंय. जवळच्या दुकानापाशी एक, आणि पुढे लांबवर तसलंच एक लहान. मेहनत माझी आणि हात साफ करणार भलताच. काढायचं तर नीट तरी काढा, दोघांची डोकी रेघेच्या खालीच राहिलीत. मी तिला म्हणालो, गिऱ्हाइकांवर जरा लक्ष ठेवा. ती म्हणाली, ठेवते की.

२० तारीख, गुरुवार

काल नवा रस्ता काढला होता. आज त्यातही तीच दोन माणसं. माझं डोकं सटकलं. पान टरकन फाडलं आणि म्हणालो, ज्याला काढता येत नाही त्याने दुसऱ्याच्या चित्रात लुडबुड करू नये. दुकानात चार माणसं होती, सगळी वळून बघायला लागली. ती खाली बघून पेनं लावत राहिली.

पान खिशात कोंबून आलो. राग उतरल्यावर लक्षात आलं, खोडरबर घ्यायचं राहिलं.

२१ तारीख, शुक्रवार

खोडरबर घ्यायला गेलो. ती फक्त "किती?" म्हणाली. काउंटरवर पॅड नव्हतं. नुसती दोरी लोंबत होती.

मी बोललो त्या लुडबुड करणाऱ्याला आणि ही माझ्यावरच घुश्शात. मुलींचं गणित मला कॉमर्समध्येही सुटलं नसतं.

२२ तारीख, शनिवार

सगळं फसलं.

चार दिवस खपून शिवणबाईंच्या स्वयंपाकघराचं चित्र केलं होतं. ओटा, त्याच्यावर लखलखीत गॅस, ओट्याच्या वर ओळीने नऊ कपाटं, खाली फरशी. सगळ्या रेघा लोपबिंदूत जाऊन भेटणाऱ्या. नकाशेबाईंना दाखवलंही नाही, इतका विश्वास होता. पॉलिशकाका बघून गप्प बसले होते, म्हणजे त्यांच्याकडून टाळ्याच.

शिवणबाईंनी चष्मा लावला, चित्र मांडीवर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कोणाचं आहे?"

मामा म्हणाला, तुमचंच. त्या म्हणाल्या, असेल, पण मला ही खोली ओळखीची वाटत नाही, शोरूमवाल्यांचंही असंच छान होतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, चित्र बघायलाही नजर लागते. चित्र त्यांच्या मांडीवरून उचललं आणि बाहेर पडलो. मामा मागे राहून काहीतरी सावरत होता.  

नऊ दिवस उरले. घरी आईने तोंड बघूनच ओळखलं. बाबा आईला म्हणाले, "त्याला सांग, जेवून घे."

२३ तारीख, रविवार

नकाशेबाईंकडे चित्र टाकलं आणि म्हणालो, सांगा यात काय चुकलंय. त्यांनी थरथरत्या बोटाने एकेक रेघ तपासली. पंधरा मिनिटं गेली.

"एकही चूक नाही," म्हणाल्या. मी विजयी चेहऱ्याने बघत होतो, तेवढ्यात विचारलं, "क्षितिजरेषा कुठे धरलीस?"

"डोळ्याच्या उंचीवर."

"कोणाच्या?"

मी चित्र परत माझ्याकडे ओढलं. बाईंनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश चहा प्यायला लागल्या.

माझ्या. पाच फूट नऊ इंचांवर. शिवणबाईंना ती खोली कशी ओळखू येणार, त्यांना ती तशी कधी दिसणारच नाही.

बाई म्हणाल्या, आता खिडकी पूस आणि जा. आज काचेवर काही काढलंही नव्हतं.

२४ तारीख, सोमवार

शिवणबाईंकडे एकटाच गेलो. दार त्यांनीच उघडलं, त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी तीनदा परत फिरायचं ठरवलं.

म्हणालो, परवा मी फार वाईट बोललो, माफ करा. एका दमात. त्या म्हणाल्या, आधी बस, वर बघून माझी मान दुखते. बसायला त्यांची जुनी चाकांची खुर्ची होती. बसलो, गुडघे हनुवटीला लागले. मग मी विचारलं, तुमच्या डोळ्यांना कसं दिसतं ते मला बघू द्याल का? त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि शेजारी उभं, म्हणजे बसतं केलं. माझे डोळे अजून वरच होते. "अजून खाली," त्या म्हणाल्या. मी घसरलो. "अजून." शेवटी मी खुर्चीत जवळजवळ आडवा झालो, तेव्हा आमचे डोळे एका पातळीत आले. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. टेप लावला: तीन फूट आठ इंच.

आणि तिथून पाहिलं. ओटा म्हणजे नाकासमोर नुसती पातळ पट्टी. नळ दिसतो, पण खाली भांड्यात काय आहे ते दिसत नाही. वरच्या कपाटांची फक्त बुडं, धुरकट. कड्या आभाळात. मी तिथे आणखी नऊ कपाटं लावायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, दोन वर्षांत त्या कपाटात काय ठेवलंय तेच विसरले.

म्हणजे चूक चित्रात नव्हतीच, स्वयंपाकघरातच होती.

माफी मागणं वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. बसून मागितली की सोपी जाते बहुतेक.

२५ तारीख, मंगळवार

मामाला सांगितलं, वरची नऊ कपाटं काढून टाकायची, ओटा पाच इंच खाली आणायचा, खालून मोकळा ठेवायचा म्हणजे खुर्ची आत जाईल, आणि फळ्या खांद्याच्या उंचीला. नऊ कपाटं म्हणजे निम्मं काम. मामाने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि म्हणाला, "गेली तर गेली."

संध्याकाळी नकाशेबाईंकडे. म्हणाल्या, चित्रात एखादं माणूस घाल, मग उंची पटकन कळते. मी म्हणालो, माणसं घालणाऱ्यांनी डोक्याला ताप दिलाय, आणि खिशातलं चुरगळलेलं पान दाखवलं. बघा, दोन्ही डोकी रेघेच्या खाली. बाईंनी पान सरळ केलं, भिंग घेतलं, आणि विचारलं, ही रेघ तुझ्या डोळ्याची ना, मग मोज.

मोजलं. जवळच्या माणसाच्या पायापासून रेघेपर्यंत तेवीस मिलिमीटर. ते माझे पाच फूट नऊ, म्हणजे एकोणसत्तर इंच. एका मिलिमीटरला तीन इंच. माणूस एकवीस मिलिमीटर. त्रेसष्ट इंच. लांबचं माणूस मोजलं, रेघेपर्यंत साडेअकरा, माणूस साडेदहा. पुन्हा त्रेसष्ट इंच.

"चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे एकच माणूस आहे. ज्याने काढलंय त्याला तुझी रेघ तुझ्यापेक्षा बरी कळली. पाच फूट तीनचं कोण आहे बघ."

आमचे पॉलिशकाका बरोबर पाच फूट तीन आहेत. पण ते स्टेशनरीच्या दुकानात कशाला जातील?

२६ तारीख, बुधवार

दात घासत होतो.

पाच फूट तीन इंच.

फेस गिळला. तसाच नाक्यापर्यंत पळालो, तर दुकानाचं शटर अजून खाली. हातात ब्रश. शेजारचा दूधवाला विचारतो, पाणी देऊ का.

शटर वर जायच्या आत पळून आलो. काय तोंडाने उभा राहू? तिने स्वतःला माझ्या रस्त्यात उभं केलं होतं, आणि मी चार माणसांत ते पान फाडलं.

आधी शिवणबाईंचं चित्र. ते जमलं तर तिथे जायला तोंड राहील.

२८ तारीख, शुक्रवार

क्षितिजरेषा तीन फूट आठ इंचांवर. चित्र वेगळंच होतंय. ओटा समोर येतो, खिडकी मोठी होते, फळीवरचे डबे डोळ्याला डोळा देतात. माझ्या उंचीवरून ही खोली कधी दिसलीच नसती. पेन्सिलींना रोज सकाळी टोक असतं. आईला म्हणालो, तू नसतीस तर माझं कसं झालं असतं. आई बाबांकडे बघून म्हणाली, ऐकलंत? बाबा वर्तमानपत्रात.

२९ तारीख, शनिवार

मामा, मी आणि चित्र. यावेळी मी उभा राहिलो नाही, जुन्या खुर्चीत बसलो.

शिवणबाईंनी चष्मा लावला. चित्र मांडीवर न घेता दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं.  मामा कानामागची पेन्सिल चाचपत होता. मग त्यांनी चित्र नुसत्या उजव्या हातात धरलं आणि डावा हात हळूच पुढे केला. चित्रातल्या फळीवर मी एक डबा काढला होता. त्यांची बोटं कागदावर त्या डब्याभोवती मिटली.

"पोचतो," त्या म्हणाल्या.



मग त्यांनी नाक पुसलं आणि एकदम गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाल्या, "चहाचा डबा या बाजूला नको, डावीकडे घ्या. मी डावरी आहे. आणि कधी सुरू करताय?"

वर्कशॉपमध्ये पॉलिशकाकांनी माझ्यासाठी फळी धरली. म्हणाले, साहेबांनी आता बोटं जपावीत.

३० तारीख, रविवार

जेवताना मामाने काल काय झालं ते सगळं सांगितलं, डब्यापर्यंत. आई डोळे पुसत हसत होती. मी बाबांकडे बघायचं टाळत होतो. आमटी वाढून झाली तेव्हा बाबा माझ्याकडे बघून, मध्ये आई नसताना, म्हणाले, "त्या दुसऱ्या पेन्सिलीचं शिसं आतून तुटलंय. कितीही तासलं तरी टिकायचं नाही. नवी आण."

जवळजवळ तीन महिन्यांनी पहिलं वाक्य. मी म्हणालो, आणतो.

बाबांना पेन्सिलीतलं इतकं कळतं हे मला माहीत नव्हतं.

कॉलेजात आता जावं लागणार नाही. तरी कधीतरी सरांना भेटून येईन म्हणतो. बसायला खुर्ची दिली तर.

३१ तारीख, सोमवार

नवी पेन्सिल घ्यायची होती, त्यामुळे कारण खरं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फळी मी लावलेल्या उंचीवर, त्यावर मोठे कागद नीट रचलेले. स्टूल दिसलं नाही. मी चुरगळलेलं पान काउंटरवर ठेवलं. इस्त्री केली होती, आईने विचारलंही, कागदाला कोण इस्त्री करतं.

ती पानाकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

मी म्हणालो, मोजलं मी, बरोबर आहे, चूक माझी होती, माफ कर. मग तिच्या पेल्यातली एक पेन्सिल उचलली आणि जवळच्या दुकानापाशी, तिच्या शेजारी, एक उंच माणूस काढला. डोळे रेघेवर, डोकं जरासं वर. माणूस थोडा वाकडा आला. तिने मान तिरकी केली.

"हा कोण? खांब?"

"शिडी."

ती ओठ दाबून हसू अडवत होती, ते मला या उंचीवरूनही दिसलं. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली, पान आपल्याकडे फिरवलं, आणि लांबवर उभ्या असलेल्या त्या लहान माणसाशेजारी एक उंच काढला. मग पुढे आणखी लहान, दोघं. मग त्याहून लहान, दोघं. प्रत्येक वेळी एक डोकं रेघेच्या किंचित खाली, एक किंचित वर. लोपबिंदूपाशी तर नुसते दोन ठिपके राहिले, एकमेकांना चिकटलेले. तिथे ती थांबली.

मग तिने पान ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर उघडला तेव्हा आत माझी पॅडवरची सगळी पानं होती, पहिल्या झोपलेल्या कपाटापासून.

पेन्सिल कागदात गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "खोडरबर हवंय?"

घरी सतरा आहेत. मी म्हणालो, नको. यातलं काही खोडायचं नाहीये.